हाताजोगी मूठ

शस्त्राची गोष्ट निघाली म्हणजे लोक पात्याविषयीं बोलतात, नळीविषयीं बोलतात, गोळी किती दूर जाते याविषयीं बोलतात. मुठीविषयीं मात्र क्वचितच कोणी बोलतो. वस्तुतः शस्त्राचा जो भाग धरणाऱ्याच्या अंगाला लागतो तो हाच. आपल्या भाषेनें तर मुठीला केवढा मान दिला आहे! संकटांत आपण जीव मुठींत धरून पळतों, झांकली मूठ सव्वा लाखाची समजतों, आणि एखादा मनुष्य कह्यांत आला म्हणजे तो मुठींत आला असें म्हणतों. असें असूनहि कोयता, उलथनें किंवा रवी विकत घेतांना आपण मूठ हातांत धरून पाहतों ती केवळ संवयीनें. मुठीचा असा स्वतंत्र विचार करण्याची पाळी आम्हांवर एका अगदीं अनपेक्षित वस्तूमुळें आली. ती वस्तु म्हणजे मोठ्या गोळीचें एक रिव्हॉल्व्हर.

हें वाचून कित्येक वाचकांच्या भुंवया उंचावतील, याची आम्हांस कल्पना आहे. खंडेनवमीला कातर, अडकित्ता आणि लेखणी मांडून ज्या घरांनीं शस्त्रपूजेचें समाधान मानलें, त्यांपैकींच आमचें घर. परंतु गेलीं कित्येक वर्षें आमचें वास्तव्य अमेरिकेंतील माँटाना राज्यांत, यलोस्टोनच्या अरण्याच्या उत्तरेस आहे. तेथें ओढ्याकांठीं फिरावयास गेलें असतां ग्रिझली जातीचें अस्वल समोर येणें ही केवळ कादंबरींतील गोष्ट नव्हे. अशा वेळीं पहिलें साधन म्हणजे मिरचीच्या अर्काचा फवारा. यलोस्टोनचे अधिकारीहि तोच जवळ बाळगावयास सांगतात, आणि तोच आम्ही प्रथम कमरेला लावतों. त्या राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दींत २०१० पासून शस्त्र जवळ ठेवण्यास मोकळीक असली तरी तें झाडण्यास मनाईच आहे. रिव्हॉल्व्हर हें उद्यानाबाहेरील रानांत, आणि तेंहि दुसऱ्या क्रमांकाचें साधन.

तें आमच्याकडे आलें एका शेजाऱ्याकडून. या वृद्ध गृहस्थानें आयुष्यभर शिकाऱ्यांस व प्रवाशांस डोंगरांतून वाट दाखविण्याचा धंदा केला. हिंवाळ्यांत आमच्या दारांतील बर्फ न सांगतां उपसून जाणारा हा मनुष्य, पुढें गुडघ्यांनीं दगा दिल्यावर, मुलीच्या घरीं राहावयास गेला आणि जातांना आपलें रिव्हॉल्व्हर आम्हांस देऊन गेला. त्याच्या मुठीवरील लांकडी फळ्या त्याच्या तळव्याच्या घर्षणानें एका जागीं गुळगुळीत झाल्या होत्या. बारीक चौकड्यांची नक्षी तेथें पार पुसून गेली होती. अशी वस्तु हातीं आली म्हणजे ती आहे तशीच ठेवावी असें कोणासहि वाटेल. आम्हांसहि तसेंच वाटलें.

परंतु रिव्हॉल्व्हर ही कांचेच्या कपाटांत ठेवण्याची वस्तु नव्हे. या जातीच्या रिव्हॉल्व्हरचें काडतूस ‘.४४ मॅग्नम’ या नांवानें प्रसिद्ध आहे. त्याचा जन्म १९५५ सालचा. त्यापूर्वीं १९०७ पासून ‘.४४ स्पेशल’ नांवाचें सौम्य काडतूस प्रचारांत होतें. आयडाहो राज्यांतील एल्मर कीथ या पशुपालक लेखकानें त्यांत दारू वाढवीत जाऊन त्याची शक्ति कोठवर नेतां येते हें वर्षानुवर्षें तपासलें, आणि लेखांमागून लेख लिहून कारखानदारांच्या मागें लकडा लाविला. अखेर रेमिंग्टन कंपनीनें नवें काडतूस आणि स्मिथ अँड वेसन कंपनीनें तें झाडणारें रिव्हॉल्व्हर सिद्ध केलें. नव्या काडतुसाची पितळी कवची जुन्यापेक्षां सुमारें एक अष्टमांश इंच लांब ठेविली, ती मुद्दामच. हेतु हा कीं, हें जबर काडतूस जुन्या, कमी मजबूत रिव्हॉल्व्हरांत शिरूं नये. उलट जुनें सौम्य काडतूस मात्र नव्या रिव्हॉल्व्हरांत सुखानें चालतें. ही बारीकशी गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम आहे.

आतां हें मॅग्नम काडतूस हाताला काय करतें तें पाहूं. गोळीचें वजन साडेपंधरा ग्रॅम, म्हणजे सव्वा तोळ्याहून थोडें अधिक. ती नळींतून सेकंदाला चारशें मीटरांहून अधिक वेगानें सुटते. जितक्या जोरानें ती पुढें जाते तितक्याच जोरानें रिव्हॉल्व्हर मागें येतें, हा न्यूटनचा नियम शाळेंत सर्वांनींच पाठ केलेला आहे. सुमारें तेराशें ग्रॅम वजनाचें आमचें रिव्हॉल्व्हर ढोबळ हिशेबानें सेकंदाला साडेपांच मीटर वेगानें मागें येतें. एक किलोचा वरवंटा दोन मीटर उंचीवरून पडला असतां जेवढी शक्ति घेऊन येईल, तेवढी ही शक्ति. शिवाय नळी हाताच्या वर असल्यामुळें हा धक्का सरळ मागें येत नाहीं. तो रिव्हॉल्व्हरचें तोंड वर उचलतो आणि मूठ तळव्यांत फिरवितो. अंगठा व तर्जनी यांमधील बेचक्यावर त्याचा पहिला तडाखा बसतो, आणि चापाभोंवतीं जी लोखंडी कमान असते ती मधल्या बोटाच्या सांध्यावर आपटते.

मूठ बदलल्यानें हा धक्का कमी होतो अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाहीं. मूठ कोणतीहि घाला, हिशेबांतील आंकडा तोच राहतो. मूठ एवढेंच करते कीं, तो धक्का हाताच्या अधिक जागेवर वांटते, आणि मऊ असली तर क्षणाचा कांहीं अंश त्यास विलंब लाविते. एकत्र कुटुंबांतील खर्चासारखाच हा प्रकार आहे: खर्च तेवढाच, पण चौघांनीं उचलला म्हणजे एकाचें कंबरडें मोडत नाहीं. अरुंद मूठ सर्व भार बेचक्याच्या एका रेघेवर टाकते. रुंद व भरीव मूठ तो तळवाभर पसरविते.

मुठीच्या आकाराचाहि मोठा इतिहास आहे. कोल्ट कंपनीचें १८७३ चें प्रसिद्ध रिव्हॉल्व्हर पाहा. त्याच्या मुठीला तिकडे नांगराची मूठ असेंच म्हणतात. आपल्या शेतकऱ्याला तें पाहून रुमण्याची आठवण होईल. ही मूठ धक्क्याबरोबर तळव्यांत वर घरंगळते आणि घोडा आपोआप अंगठ्याखालीं येतो. दर खेपेस अंगठ्यानें घोडा चढवावयाचा असल्यामुळें तें सोयीचेंच होतें. पुढें नुसता चाप ओढून घोडा चढणारीं व पडणारीं रिव्हॉल्व्हरें आलीं, तेव्हां मूठ घरंगळून चालेना. ती हातांत जागच्या जागीं राहावी म्हणून तिच्या पाठीला वरच्या बाजूस उंचवटा ठेवूं लागले. त्यानंतर चापाच्या कमानीमागील पोकळी भरून काढणाऱ्या मुठी आल्या, कारण ती पोकळी रिकामी राहिली कीं मधलें बोट सोलवटून निघतें.

आमच्या शेजाऱ्याची मूठ मोठ्या लांकडी फळ्यांची, खालीं रुंद व वर अरुंद अशी होती. त्याचा हात म्हणजे फावडें. त्या हाताला ती शोभत असे. आमच्या हातांत ती धरली म्हणजे बोटें पुरतीं वळत नसत आणि तळव्याचा जोर खालीं न राहतां हात वर सरके. त्यांत आमच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशीं संधिवातानें ठाण मांडिलें आहे. सरावासाठीं एका चक्राच्या सहा गोळ्या झाडल्या कीं संध्याकाळीं पाण्याचा तांब्या उचलतांना हात कुरकुर करी. दुखण्यापेक्षांहि दुखण्याची भीति वाईट. चाप ओढण्यापूर्वींच मनगट आंवळलें जातें, डोळा मिटतो आणि गोळी भलतीकडे जाते. ज्या शस्त्राचा सराव नकोसा वाटतो तें शस्त्र घरांत असण्यापेक्षां नसलेलें बरें, असें आमचें ठाम मत आहे. कारण संकटाच्या क्षणीं त्यावर भरंवसा टाकला जातो आणि तें तर हाताचें ऐकत नाहीं.

तरीहि आम्ही त्या जुन्या फळ्यांस हात लावण्यास धजत नव्हतों. सौ.नें मात्र एका वाक्यांत निकाल दिला. रिकामें रिव्हॉल्व्हर दोन्ही हातांत धरून ती म्हणाली, “अहो, ही मूठ तुमच्या मित्राच्या हाताची आहे, ती तुमच्याहि हाताची नव्हे आणि माझ्याहि नव्हे.” आम्ही सर्व विचार आमच्याच हाताचा करीत होतों. वस्तुतः ओढ्याकडे एकटी जाण्याचा प्रसंग तिलाच अधिक येतो. तेव्हां प्रश्न नवा झाला: एकच शस्त्र, दोन हात, मूठ कोणाच्या हाताला बसवावयाची?

हा प्रश्न आपल्या घरांतील बायकांस नवा नाहीं. सासूच्या हाताला बसलेली विळी सुनेला अवजड होते, आणि उंच जावेच्या सोयीनें बांधलेला ओटा ठेंगण्या जावेला खांद्याशीं लागतो. एकाच्या मापानें वस्तु करावी तर बाकीच्यांची गैरसोय. सर्वांच्या मापानें करावी तर ती कोणाच्याच मापाची होत नाहीं. शस्त्रांच्या बाबतींत आपल्या पूर्वजांनीं हा पेंच एका रीतीनें सोडविला होता. मराठ्यांच्या पुष्कळ तलवारींचीं पातीं युरोपांतून आलेलीं असत, आणि म्हणूनच त्या तलवारीला ‘फिरंग’ हें नांव पडलें. पण मूठ इकडची, बोटांभोंवतीं परज असलेली. पातें परक्या देशांतून आणतां येतें. मूठ मात्र ज्या हातांत राहावयाची त्याच्या देशांत व त्याच्या रीतीनें करावी लागते, हें त्यांनीं ओळखिलें होतें. वस्तुसंग्रहालयांत या तलवारी पाहतांना लोक पात्यावरील अक्षरें वाचतात. आतां आमची नजर प्रथम मुठीकडे जाते.

असो. मुठीच्या शोधाला लागलें कीं पहिली गोष्ट म्हणजे रिव्हॉल्व्हरचा सांगाडा ओळखणें. सांगाडे लहानमोठे असतात, आणि त्यांचें बूड कोठें चौकोनी तर कोठें गोल असतें. गोल बुडावर चौकोनी आकाराची मूठ चढवितां येते, पण चौकोनी बुडावर गोलासाठीं केलेली मूठ बसत नाहीं. आमचा सांगाडा मोठा आणि बूड चौकोनी. जुन्या फळ्या एका स्क्रूनें जखडलेल्या असतात. चक्र उघडून सर्व घरें रिकामीं आहेत हें डोळ्यांनीं व बोटानें तपासावें, मग स्क्रू सैल करून त्याच्या डोक्यावर हलकेंच टिंचकी मारावी, म्हणजे पलीकडची फळी आपण होऊन सुटते. फटींत पेंचकस घालून उचकटलें तर लांकडाची कड तुटते.

दुसरी गोष्ट माप घेण्याची. रिकामें रिव्हॉल्व्हर हातांत घ्यावें, नळी हाताच्या व मनगटाच्या सरळ रेषेंत आणावी, आणि तर्जनी चापावर कोठें पडते तें पाहावें. लांब ओढीसाठीं बोटाचें पहिलें पेर चापावर आलें पाहिजे. केवळ शेंडाच पोंचत असेल तर मूठ जाड आहे. मधलें बोट कमानीला घट्ट चिकटूं नये. करंगळीला आधार असावा. नंतर भिंतीवरील एका ठिपक्याकडे पाहून डोळे मिटावेत, हात उचलावा आणि डोळे उघडावेत. नळी ठिपक्याच्या जवळपास असली तर मूठ हाताची, फार खालीं किंवा वर गेली तर दुसऱ्याची. कांहीं मुठींना बोटांसाठीं खांचा असतात. त्या दिसावयास सोयीच्या दिसतात. पण खांचांतील अंतर कारखान्याच्या कल्पनेंतील हाताचें असतें. ज्याचीं बोटें त्या मापाचीं नसतात त्याला खांचांमधील उंचवटे टोचतात. सौ.च्या बाबतींत तसेंच झालें, आणि खांचांच्या सर्व मुठी आम्हीं वगळल्या.

तिसरी गोष्ट मुठीच्या द्रव्याची. पूर्वीं श्रीमंतांच्या रिव्हॉल्व्हरांस हस्तिदंताच्या मुठी असत; जनरल पॅटनचें हस्तिदंती मुठीचें कोल्ट तर जगप्रसिद्ध आहे. १९८९ मध्यें हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय झाला, आणि तें योग्यच झालें. सांबराच्या शिंगाच्या खरखरीत मुठींचाहि तिकडे मोठा षोक. हीं शिंगें एके काळीं हिंदुस्थानांतून जात, आतां त्यांच्या निर्यातीस बंदी आहे. लांकडांत अक्रोड सर्वांत रूढ. आपल्या शिसवीचीहि तिकडे वाहवा होते, परंतु त्या जातीच्या सर्व लांकडांचा परदेशव्यापार २०१७ पासून नियंत्रणाखालीं आला आहे. घरच्या पाटाचें व देव्हाऱ्याचें शिसव परदेशीं इतक्या मोलाचें ठरतें हें कळल्यावर आम्हांस त्या मुठीचा मोह झाला, हें नाकारीत नाहीं. कांहीं कसबी कारागीर तर गिऱ्हाइकाच्या पंजाची आकृति कागदावर काढून मागवितात आणि त्या बरहुकूम मूठ कोरून देतात. पण पंजा एकाचाच पाठवितां येतो, आणि आमच्या घरीं हात दोन.

राहिलें रबर. दिसावयास तें काळें व निरस. कोटाच्या अस्तराला धरून ठेवतें. त्यावर नक्षी नाहीं, वंशपरंपरा नाहीं. पण घामानें अगर पावसानें ओल्या झालेल्या हातांतूनहि तें निसटत नाहीं. त्यांतहि दोन प्रकार निघाले. एकांत सांगाड्याची लोखंडी पाठ रबरानें झांकलेली असते, दुसऱ्यांत ती उघडी राहते. झांकलेल्या पाठीची मूठ आमच्या अंगठ्याला गादीसारखी वाटली, पण तिच्या जाडीनें सौ.चें बोट चापापासून मागें राहिलें. उघड्या पाठीच्या मुठीनें तिचें पेर बरोबर चापावर आलें, पण लोखंडाचा तडाखा आमच्या बेचक्याला पुन्हां जाणवूं लागला. एकाचें सुख तेंच दुसऱ्याचें दुःख, अशी ती अवस्था.

येथें तें मघांचें सौम्य काडतूस उपयोगीं पडलें. जाड मुठीमुळें न पोंचणारें बोट कोणत्याहि उपायानें लांब होत नाहीं. घोडा आधीं चढवून ठेविला तर चाप मागें येतो खरा, परंतु संकटांत तेवढी सवड मिळेलच असें नाहीं. उलट धक्का मात्र काडतूस बदलून कमी करतां येतो. म्हणून मूठ लहान हाताच्या मापाची घ्यावी आणि मोठ्या हातानें सौम्य काडतुसांवर सराव करावा, असें आम्हीं ठरविलें. उघड्या पाठीची, बिनखांचांची रबरी मूठ आली. सरावाला दोघेंहि .४४ स्पेशल वापरतों. सौ. रानांतहि तेंच भरते. त्याचा जोर कमी आहे हें तिला ठाऊक आहे. पण नेम चुकलेल्या मॅग्नमपेक्षां नेमकें लागणारें स्पेशल बरें, आणि दोहोंच्याहि आधीं हात मिरचीच्या फवाऱ्याकडे जावयाचा, हें तिचें म्हणणें आम्हांस निरुत्तर करतें. पंधरा पावलांवर टांगलेल्या कागदी ताटलींत आतां तिच्या सहापैकीं पांच गोळ्या लागतात. आमच्या चार लागतात, आणि संध्याकाळीं तांब्या उचलतो.

जुन्या फळ्या काढण्यापूर्वीं शेजाऱ्याला दूरध्वनीनें विचारावें असें मनांत आलें व तसें केलें. त्याला वाईट वाटेल अशी आमची अपेक्षा होती. तो मोठ्यानें हंसला आणि म्हणाला कीं, त्या फळ्या मूळच्या नव्हेतच. त्यानें तें रिव्हॉल्व्हर ज्याच्याकडून विकत घेतलें तो माणूस हातानें बारीक होता, व त्याची निमुळती मूठ त्यानें पहिल्याच आठवड्यांत काढून टाकिली होती. आम्ही ज्या लांकडास इतके दिवस हात लावीत नव्हतों, तें लांकूड दुसऱ्या कोणाच्या आठवणीच्या जागीं बसलेलें होतें. तरीहि त्या फळ्या आम्हीं फेंकल्या नाहींत. तेल लावून, मऊ फडक्यांत गुंडाळून त्या ठेविल्या आहेत; त्याच्या नातवाचा हात आजोबांसारखाच रुंद निघाला तर त्याला त्या उपयोगीं पडतील.

रिव्हॉल्व्हर लोखंडी पेटींत कुलपांत असतें. नातवंडें सुटींत आलीं म्हणजे किल्लीहि आमच्या कमरेला असते. वाचकांपैकीं बहुतेकांवर अशी वस्तु विकत घेण्याचा प्रसंग येणार नाहीं, आणि न येवो. परंतु घरांत अनेक हातांनीं वापरावयाची एखादी वस्तु घेतांना, ती घरांतील सर्वांत लहान हातांत आधीं देऊन पाहावी. मोठ्या हाताला थोडें आंखडून घेतां येतें. लहान हाताला मात्र वाढतां येत नाहीं.